डावा स्फटिक, उजवा स्फटिक

परिभाषा कोशाच्या समितीत भाषा तपासणारी म्हणून मला घेतलं, तेव्हा विज्ञान कळण्याची अट नव्हती. उलट न कळणं हीच पात्रता होती. "तुम्हाला कळलं, की कुणालाही कळेल," असं अध्यक्ष म्हणाले. त्यात आपला अपमान आहे हे माझ्या लक्षात येईपर्यंत चहा आला होता.

समिती महिन्यातून एकदा, शनिवारी सकाळी भरायची. एकेक इंग्रजी संज्ञा घ्यायची, तिला मराठी शब्द शोधायचा, व्याख्या करायची आणि जमल्यास आकृती द्यायची. प्रतिशब्द जितका लांब तितका विद्वान, असा तिथला अलिखित नियम होता. नवा सदस्य आला की शाल आणि नारळ. जुना गेला की दोन मिनिटं शांतता आणि पुन्हा चहा. स्फटिकशास्त्राच्या यादीत 'एनॅन्शिओमॉर्फ' आला, तेव्हा एका सदस्यांनी 'परस्परविरुद्धहस्तसममितिरूप' असा शब्द सुचवला. तो फळ्यावर एका ओळीत मावेना, म्हणून विषय पुढच्या महिन्यावर टाकला.

त्या विभागाचे तज्ज्ञ बैठकीला येत नसत. ऐंशीच्या घरातले निवृत्त प्राध्यापक, जन्मभर स्फटिकशास्त्र शिकवलेले. तब्येत बरी नसते, एवढंच आम्हाला सांगितलेलं. ते कर्वेनगरला राहायचे, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे त्यांच्याकडचे कागद आणण्या-पोचवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. त्यांच्या पत्नी शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना मी पहिल्याच दिवशी काकू म्हटलं आणि त्यांनी मला पहिल्याच दिवशी अगं-तुगं केलं.

"चपला कुठे काढल्यात?" सरांनी मी बसायच्या आत विचारलं.

"दाराबाहेर."

"दोन्ही?"

पुण्यात अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, पुढचं वाक्य येऊ द्यायचं असतं.

"डावी आणि उजवी चप्पल घ्या," सर म्हणाले. "लांबी तीच, रुंदी तीच, अंगठ्याची जागा काठापासून तितकीच. मोजपट्टी लावून फरक सांगा बघू. नाही सांगता येणार. पण डावी कितीही फिरवा, उजव्या पायात बसायची नाही. आरशात धरा, की लगेच उजवी दिसेल. स्फटिकांतही अशी जोडी असते. झालं. एवढ्यासाठी तुम्हाला सात माणसं लागतात."

मग त्यांनी कपाटाचा खालचा खण ओढला. आत वाघोलीच्या खाणींतून उचललेले निळे-पांढरे स्फटिक कापसात ठेवलेले होते. विद्यार्थ्यांना घेऊन ते तिथे बसने जायचे. आता त्या खाणींच्या काठावर सोसायट्या आहेत आणि त्यांना स्फटिकांची नावं आहेत. त्या ढिगातून त्यांनी दोन वेगळे काढले. साध्या गारगोटीच्याच जातीचे, पण काचेसारखे स्वच्छ, बोटाएवढे, सहा बाजूंचे, वर आणि खाली दोन्हीकडे टोक असलेले. मला दोन्ही तंतोतंत सारखे दिसले. सरांनी नखाने दाखवलं: वरच्या टोकाखाली, उभ्या बाजूच्या खांद्यावर, तांदळाच्या कणीएवढा एक तिरका पैलू. एकाच्या उजव्या खांद्यावर, दुसऱ्याच्या डाव्या.

"आता उजवा उलटा करा. डोकं खाली."

मी केला. पैलू पुन्हा उजव्या खांद्यावर होता. दुसऱ्या टोकाचा. स्फटिक हट्टी असल्यासारखा वाटला.

सरांनी शब्द सुचवला 'प्रतिरूप', आणि न थांबता व्याख्या सांगितली. मी लिहून घेतली: 'ज्या दोन स्फटिकांतील सर्व लांब्या व सर्व कोन समान असून एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब असते, परंतु कितीही फिरवले तरी जे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, त्यांपैकी प्रत्येक.' खाली वापराबद्दल टीप: 'केवळ एकसारखा या अर्थी हा शब्द वापरू नये.'

मला कळलं. म्हणजे कुणालाही कळणार होतं.

काकूंनी चहा आणि थालीपीठ आणून ठेवलं. त्या आत गेल्या. सरांनी आपली बशी टेबलाच्या पार टोकाला सरकवली आणि त्याच शिकवण्याच्या आवाजात म्हणाले, "आता उदाहरण बघा. या बाई."

"कोण बाई?"

"या आत्ता आल्या होत्या त्या. उंची तीच, आवाज तोच, चालणं तेच. माझ्या बायकोच्या सगळ्या गोष्टी यांना माहीत आहेत. मी पडताळून पाहिलंय. एकही माप चुकत नाही." त्यांनी डावा स्फटिक उचलून उजेडात धरला. "पण ही ती नाही. ही दुसऱ्या हाताची आहे."

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर भंगारवाल्याची रेकॉर्ड केलेली आरोळी चालली होती. सरांच्या आवाजात कंप नव्हता, डोळे फिरलेले नव्हते. इतक्या स्वच्छ मराठीत इतकं स्पष्ट कुणी आमच्या समितीत कधी बोललेलं नव्हतं.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

"सांगितलं ना तुला?"

मी मान हलवली.

"सगळ्यांनाच सांगतात. वर्ष होत आलं. डॉक्टरांनी काही नाव सांगितलंय त्याला, परदेशी. नाव कळून काय उपयोग?" त्या फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिल्या. "बाकी काही विसरत नाहीत. वर्तमानपत्र वाचतात, शब्दकोडं सोडवतात. माझ्या हातचं तेवढं खात नाहीत. परक्या बाईने आपल्यासाठी का राबावं, म्हणतात. केळी खातात, बिस्किटं खातात, पुडा स्वतः फोडून. नऊ किलो वजन उतरलं. मुलगी परदेशातून फोनवर म्हणते, त्यांना एखाद्या संस्थेत ठेवू. डॉक्टरही म्हणाले, खाणं सुरू झालं नाही तर दुसरा मार्ग नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? संस्थेत तरी कोण ओळखीचं असणार आहे? सगळ्याच परक्या. त्यांच्या हातचं खातील कदाचित."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

दीड महिन्याने त्या विभागाची छापण्याआधीची पानं पीडीएफमध्ये आली. मी छापून घेतली आणि सरांना दाखवली. 'प्रतिरूप' या नोंदीखाली दोन स्फटिकांची आकृती होती. डावीकडच्याखाली 'डावा' आणि उजवीकडच्याखाली 'उजवा' असं लिहिलेलं. सरांनी पान एक क्षण पाहिलं.

"अदलाबदल झालीय."

मी निरखून पाहिलं. मला काही दिसलं नाही. समितीच्या चिटणिसांना फोन केला. ते सौजन्याने बोलले, म्हणजे पुढचं वाक्य वाईट असणार हे कळलं.

"अहो मॅडम, त्यांना आता घरचं माणूस ओळखू येत नाही, आणि आपण आकृतीचं काय घेऊन बसलाय? अध्यक्षांनी सही केलीय."

मला राग सरांच्या वतीने आला की माझा मलाच आला, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, दोन्ही स्फटिक मागून घेतले, पानाशेजारी ठेवले आणि तांदळाची कणी शोधली. 'डावा' लिहिलेल्या चित्रात ती उजव्या खांद्यावर होती.

मग मांडणी करणाऱ्या मुलीला फोन केला. ती प्रामाणिक निघाली. "मॅडम, सरांनी आकृती काढून दिलेला तो ट्रेसिंग पेपर होता ना, त्याच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. वर कुठलं, खाली कुठलं, समजायला काही मार्कच नाही. दोन्ही साइडने सेमच दिसतं ते."

सरांची ती जुनी पद्धत होती. छापखान्यात अक्षरं खराब करतात म्हणून चित्रावर एक अक्षर लिहायचं नाही, नावं वेगळ्या कागदावर द्यायची. कागद डोकं खाली करून स्कॅन झाला होता. दोन्ही टोकं असलेले स्फटिक उलटे केले तरी उभेच दिसतात. उजवा डावीकडे गेला आणि उजवाच राहिला. समितीतल्या सातही विद्वानांनी ते चित्र मंजूर केलं होतं, आणि मीही. व्याख्येत 'सर्व समान' असं लिहिलं होतं, म्हणून आम्ही सगळे ते समान बघून समाधानी झालो होतो.

दुरुस्ती झाली. अध्यक्षांनी तिला 'किरकोळ मुद्रणदोष' म्हटलं. मी ही बातमी काकूंना स्वयंपाकघरात सांगितली, जरा उत्साहाने. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"म्हणजे त्यांचं बरोबर होतं."

"आकृतीच्या बाबतीत," मी म्हटलं.

"हो. आकृतीच्याच बाबतीत." त्यांनी डाव्या गालावरच्या तिळाला हात लावला. "हा तीळ माझ्या उजव्या गालावर होता, असं त्यांचं म्हणणं आहे. चमकीसुद्धा उजवीकडे होती म्हणतात. पहिल्यांदा मी चिडले. मग अल्बम काढून दाखवले. तर म्हणाले, हे फोटो या बाईंचेच आहेत, माझ्या बायकोचे कुठे गेले?" त्यांनी गॅस बारीक केला. "हल्ली मी तोंड धुताना दोनदा बघते, कुठल्या गालावर आहे ते. लहानपणी कुठे होता, मला आठवेना झालंय."

स्वयंपाकघरात ऊन होतं. कुकरची शिट्टी झाली आणि दोघीही दचकलो.

मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, की हे सुरू कधी झालं. काकू म्हणाल्या, या भाड्याच्या जागेत आल्यावर दोनेक महिन्यांनी. त्यांची स्वतःची इमारत पुनर्विकासाला गेली होती. तिथल्या झोपायच्या खोलीत पलंग आणि आरशाचं कपाट यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम उभं राहील एवढीच जागा होती. रोज सकाळी काकू आरशासमोर उभ्या राहून केस विंचरायच्या, साडी नीट करायच्या. सर मागे पलंगावर बसून मोजे-बूट घालायचे. दोघांनाही आपापल्या कामावर पळायचं असे; निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. दिवसाचं बोलणं काय ते तेव्हाच. काकूंचं तोंड आरशाकडे, सर बघणार आरशात.

"पंचेचाळीस वर्षं," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी आले की डोकं पुस्तकात. माझ्याकडे म्हणून बघायचे ते सकाळीच. ते कपाट इथे लिफ्टमध्ये मावेना, देऊन टाकलं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पुढचं मी बोलले नसते तरी चाललं असतं.

"मग ते ज्यांना ओळखतात त्या आरशातल्या काकू आहेत," मी म्हटलं. "तुमचं प्रतिरूप."

सगळं इतकं नीट जुळत होतं की माझा त्यावर विश्वास बसला नाही. इतकं चोख जुळणारं स्पष्टीकरण मी समितीतल्या माणसांकडून ऐकलेलं आहे, आणि ते दर वेळी खोटं निघालेलं आहे. शिवाय पंचेचाळीस वर्षांत माणूस बायकोकडे कधीतरी सरळ बघतोच. मी काकूंना तसं म्हटलंही. विनोद म्हणून पुढे म्हणाले, "फार तर एक मोठा आरसा आणून बघा."

"आणि त्यात बसून राहू?" काकू म्हणाल्या. "मग इथे पोळ्या कोण करणार?"

त्यानंतर दोन आठवडे मी गेले नाही. कोशाचं शेवटचं काम चाललं होतं, प्रकाशन समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर कुणाचं नाव कुणाच्या वर यावर दोन बैठका झाल्या. दुरुस्त पान सरांच्या सहीसाठी घेऊन मी गेले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बेल वाजवली. दार उघडलं.

दारात काकू होत्या. नेहमीची निळी सुती साडी, नेहमीचा चष्मा. "ये," म्हणाल्या. आणि माझं पाऊल उंबऱ्याच्या आत पडेना. काय चुकतंय ते सांगता येत नव्हतं. आपल्याच घरातला जिना अंधारात चढताना एक पायरी कमी लागावी, तसं काहीतरी झालं. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी मला पुरेसा वेळ दिला.

पदर उजव्या खांद्यावर होता. भांग दुसऱ्या बाजूला. घड्याळ उजव्या मनगटावर. चमकी उजव्या नाकपुडीवर, दाबाची असावी. डाव्या गालावर पावडरचा जाड थर होता, आणि उजव्या गालावर, बरोबर तेवढ्याच उंचीवर, तीळ.

"शाळेच्या स्नेहसंमेलनात तीस वर्षं मुलांना रंगवलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यामानाने हे सोपं. हात तेवढा ऐकत नाही."

सर जेवायला बसले होते. ताटात वरण-भात, मेथीची भाजी, पोळी. ते जेवत होते. काकूंनी वाढायला घेतलं, डाव्या हाताने. डावा हात पुढे करून तिळगूळ घेणाऱ्या मुलांना ज्यांनी वर्गात उभं केलं असेल, त्या बाई डाव्या हाताने नवऱ्याच्या पानात भात वाढत होत्या. चार शितं ताटाबाहेर सांडली. सरांनी ती उचलून ताटात घेतली.

"या, या," ते मला म्हणाले. "ही माझी बायको. तुमची भेट नाही झालेली. बाहेरगावी होती."

मी नमस्कार केला. काकूंनी नमस्कार केला. आम्ही दोघींनी ते अगदी व्यवस्थित केलं.

सरांनी दुरुस्त पान पाहिलं आणि सही केली. तब्येत सुधारलेली दिसत होती; गालांवर थोडं मांस आलं होतं. संस्थेचं आता कुणी बोलणार नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्यांच्या सहीकडे बघत बसले, कारण काकूंकडे बघितलं की डोळे आपोआप डावीकडची गोष्ट उजवीकडे शोधायला लागत.

काकू ताक आणायला आत गेल्या. सरांनी दाराकडे पाहिलं आणि माझ्याकडे झुकले.

"त्या दुसऱ्या बाई कुठे गेल्या, काही कळलं का तुम्हाला?"

"नाही."

"मला न सांगता गेल्या. वाईट नव्हत्या हो. वर्षभर रोज दोन्ही वेळा ताट मांडून समोर बसायच्या, आणि मी एक घास खाल्ला नाही. त्या वेळी ते योग्यच वाटलं." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "त्यांचंही वय झालेलं होतं. या वयात कुठे गेल्या असतील? बायकोला विचारता येत नाही. तिला काय वाटेल?"

त्यांनी तो तुकडा ताटाच्या कडेला ठेवला.

"चौकशी करा. तुम्ही हिंडत असता. भेटल्या तर सांगा, म्हणावं, माझं चुकलं."

"सांगते," मी म्हटलं.

मी निघाले तेव्हा काकू दाराबाहेर आल्या आणि मागे दार ओढून घेतलं.

"काय कुजबुजत होते?"

खोटं बोलायला मी तयार होते. पण काय खोटं बोलावं हेच ठरेना, म्हणून जे झालं ते शब्दाला शब्द सांगितलं. रोजचं ताट, न खाल्लेला घास, वय. काकू जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकत होत्या, परीक्षेच्या हॉलमध्ये सूचना ऐकतात तशा.

"आणि?"

"भेटल्या तर सांगा म्हणाले, माझं चुकलं."

"मग सांग."

"सरांचं चुकलं, काकू."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून पदराने पुसायला गेल्या. डावा खांदा चाचपला, तिथे पदर नव्हता, मग उजव्या खांद्यावरचा ओढून घेतला. चष्म्याआधी डोळे पुसले. उजव्या गालावरचा तीळ पसरून राखाडी झाला.

आतून सरांची हाक आली. लग्न झालं त्या वर्षी मारत असतील तशी हाक, लाडाची, थोडी घाईची. "अगं, ताकात मीठ घातलंस का?"

"आले," काकूंनी आवाज चढवून उत्तर दिलं. मग कमरेला खोचलेली काजळाची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "तूच लाव. चटकन. आत आरशापर्यंत जायला त्यांच्यासमोरून जावं लागतं."

त्यांनी डोळे मिटून चेहरा पुढे केला. मी पेन्सिल उघडली. समोरच्या माणसाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, हे लहान मुलालाही कळतं. माझा हात उजवीकडे गेला. बोट गालाला टेकलं आणि पावडरखाली काहीतरी लागलं, बारीक, उंचवटा आलेलं. काकूंनी डोळे उघडले नाहीत. मी बोट काढून घेतलं आणि दुसऱ्या गालावर ठिपका काढला.

"बरोबर आला?" त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं, आणि त्या आत गेल्या.